कोयनेची मंजिष्ठ, माणचे रुमाल

इस्लामपूर

सांगलीच्या शाळेत मी चित्रकला शिकवतो. नाताळच्या सुट्टीत आमचे मास्तर लोक कुणी नरसोबाच्या वाडीला जातात, कुणी महाबळेश्वरची थंडी खाऊन येतात. यंदा मला ज्याने त्याने विचारलं, "काय, कुठं जाऊन आलात?" मी म्हणालो, "मुळ्या खणायला." ऐकणारा हसतो आणि मग मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. तेच इथं लिहून काढतो आहे.

आमचं घर मूळचं इस्लामपूरचं आणि धंदा रंगाऱ्याचा. वडील गेल्यापासून तो माझी रखमाआत्या बघते. साठी उलटली तरी दिवसभर हौदाशी उभी असते आणि ओलं लुगडं एकटी पिळते. मी सुट्टीला म्हणून गेलो, तर ओट्यावर धुळाबा बसलेला. हा माण तालुक्यातला धनगर. दर वर्षी सुगी झाली की मेंढरं घेऊन कृष्णाकाठी उतरतो, शेतकऱ्यांच्या रानात ती बसवतो आणि जाता-येता आमच्या ओट्यावर पाणी पितो.

"आक्का," तो आत्याला सांगत होता, "बिरू आला लढाईवनं. हातपाय धड हायती."

बिरू त्याचा थोरला. लढाई संपून वर्ष उलटलं तरी पलटणीतून सुटका होत नव्हती, ती आता झाली होती. धुळाबाच्या वाडीत जत्रेला गजी नाचतात. ढोलाच्या तालावर, हातात रुमाल घेऊन, पुरुषांच्या ओळी नाचतात. बिरूची ओळीतली जागा इतकी वर्षं वाडीने मोकळी ठेवली होती. तिथं कुणी उभा राहायचा नाही, बाजूचे तेवढं अंतर सोडून नाचायचे.

"ह्या जत्रंला समद्यास्नी लाल पटकं आन् लाल रुमाल पायजेत," धुळाबा म्हणाला. "पर रंग पक्का. गेल्या साली बाजारातनं रंगवून आणलं, तर घामानं समद्यांची त्वांडं लाल. बाया पदर तोंडाला लावून हसत हुत्या."

आत्या ताठ झाली. "आमच्या आज्याचा लाल रंग लुगडं फाटंस्तवर जात नव्हता. तसला देते तुला."

धुळाबाने पांढऱ्या कापडाचं गाठोडं पुढं सरकवलं. ते कंट्रोलचं, माणशी मोजून मिळणारं कापड होतं. वाडीतल्या प्रत्येक घराने आपल्या वाट्यातून थोडं थोडं बाजूला काढलेलं. बिघडलं तर दुसरं मिळणार नव्हतं.

तो गेल्यावर मी आत्याला विचारलं, "लढाईपासून विलायती रंगाचे डबे बंद आहेत. तू लाल आणणार कुठून?"

"मंजीट," ती म्हणाली. "मंजिष्ठेच्या मुळ्या. मी परकरात हुते तवा आजा त्यातच रंगवायचा."

दुकानदाराकडं मंजिष्ठ होती, पण ती वैद्याच्या काढ्यापुरती, चिमूटभर. ती येते कुठून विचारलं, तर तो म्हणाला, "पाटणकडनं, डोंगरातनं." आत्याने आपल्या सुनेच्या हातात घर दिलं, भाकरी बांधल्या, रिकामी पोती माझ्या खांद्यावर टाकली आणि म्हणाली, "चल दत्तू, तुला तरी कुठं काम हाय?"

पाटणचा बाजार

पेट्रोलच्या टंचाईत कोळशाच्या धुरावर चालणाऱ्या मोटारीने आम्ही कऱ्हाडला आणि तिथून पाटणला पोचलो. वाटेतल्या प्रत्येक चढावर क्लीनर उतरून भट्टीचा पंखा फिरवत होता. आत्याने त्याला दोनदा विस्तव नीट कसा करावा ते सांगितलं आणि दुसऱ्यांदा त्याने ते ऐकलंही.

पाटणला आठवड्याचा बाजार भरला होता. आमच्याकडचा बाजार म्हणजे गुळाच्या ढेपा, शेंगा आणि मिरच्या. इथं हिरडे, मध, नाचणी, घोंगड्या, वेताच्या पाट्या. एका लिंबाच्या झाडाखाली चाळिशीची एक बाई हिरड्यांचा ढीग मांडून बसली होती आणि ढिगाच्या शेजारी लालसर काड्यांची एक छोटी जुडी. आत्या वाकली, एक काडी कटकन मोडली. आत केशरी-लाल रंग. आत्याने ती काडी नाकाशी धरली आणि डोळे मिटले.

"केवढ्याला ही?" मी विचारायच्या आत आत्या म्हणाली, "पोतंभर पायजे."

ती बाई खुदकन हसली. "पोतंभर? एवढी खरूज कुणाला झालीया, मावशी?"

तिचं नाव गंगाबाई. कोयनेपलीकडच्या डोंगरातल्या वाडीची. तिच्याकडं ही मुळी म्हणजे औषध. अंगावर पुरळ उठलं, म्हशीला काट्याची जखम झाली, बाळंतिणीला काढा द्यायचा झाला की मंजीट. कापड रंगवतात म्हटल्यावर तिने आत्याकडं असं पाहिलं की जणू कुणी हळदीने घर बांधतो म्हणावं.

"आन् तुमी ती खणता कशी?" आत्याने विचारलं. रंगाऱ्याच्या घरात जन्मून तिने आयुष्यात मंजिष्ठेचा वेल पाहिला नव्हता. तिच्या आज्याकडं यायच्या त्या वाळलेल्या काड्या.

"चला की वर," गंगाबाई म्हणाली. "खणायचं मी दावते, रंगवायचं तुमी दावा."

डोंगरावर

दुसऱ्या दिवशी सकाळी चढायला लागलो. खाली कोयनेवर धुकं असं साचलं होतं की नदी कुठली आणि ढग कुठला कळत नव्हतं. आमच्या वाळवा तालुक्यातली जमीन काळी, सपाट, उसाने झाकलेली. इथं तांबडी माती आणि पायाखाली जांभा दगड. आत्या पदर खोचून पुढं, मी पोती घेऊन मागं. दम लागला की ती झाडाचं नाव विचारायची, म्हणजे गंगाबाईला थांबावं लागायचं. तिने इतक्या झाडांची नावं विचारली की शेवटी गंगाबाईच म्हणाली, "मावशी, बसू या का जरा?"

वाडी म्हणजे गवताने शाकारलेली चार-पाच घरं. गंगाबाईची मुलगी बाळंतपणाला आलेली होती. पाळण्यात महिन्याचं बाळ आणि ओटीवर म्हशीचं दूध तापत ठेवलेलं. जेवायला नाचणीची भाकरी, पावट्याची आमटी आणि सुरीने कापावं असं दही. आम्ही ज्वारी खाणारी माणसं. पहिली नाचणीची भाकरी आत्याने कुतूहलाने खाल्ली, दुसरी आवडीने आणि तिसरी मागून घेतली. "काळी हाय, पर पोटात गार लागती," म्हणाली.

मंजिष्ठेचा वेल शोधावा लागत नाही, तोच तुम्हाला धरतो. त्याच्या दांड्याला बारीक उलटे काटे असतात. झुडपांतून जाताना धोतराला काही अडकलं की बघावं, तर चौकोनी दांडा आणि एका पेरावर चार पानं, बदामाच्या आकाराची. गंगाबाई कुदळीने माती सैल करायची आणि मग हाताने मुळी उकरायची. लांब, पातळ, दोरीसारखी. थोडी मुळी आणि वेलाचा बुडखा जमिनीत ठेवून ती माती परत दाबायची. "समदं उपटलं तर पुढच्या साली काय खणायचं?" म्हणाली.

आत्या पहिल्या दिवशी दुसऱ्याच कुठल्या वेलाची मुळं पाटीभर खणून घेऊन आली. गंगाबाईने ती पाटी बघितली आणि म्हशीपुढं ठेवली. म्हशीनेही हुंगून तोंड फिरवलं. आत्या स्वतःच आधी हसली.

माझी फजिती त्यापेक्षा मोठी. एका झुडपावर शेंगा लोंबत होत्या, सोनेरी मखमलीच्या. उन्हात अशा चमकत होत्या की मला त्यांचं चित्र काढायचा मोह आवरेना. मी हात लांब केला. लांबून गंगाबाई ओरडली, "आवं मास्तर, न्हाई!" पण तोवर मी शेंग तोडली होती, आणि घाम पुसायला तोच हात मानेवर आणि गालावर फिरवलाही होता.

ती खाजकुइली होती. पुढचं वर्णन मी थोडक्यात करतो. मी नाचत होतो. माझा नाच पाहायला वाडीतली सगळी माणसं जमली. गंगाबाईने ओलं शेण घेतलं आणि माझ्या हाताला, मानेला, तोंडाला चोपडून वाळू दिलं. मग ते खरडून काढलं, तेव्हा कुसं त्याबरोबर निघाली. कातडी लालबुंद झाली होती. तिने मंजिष्ठेची मुळी सहाणेवर उगाळली, त्यात मध घातला आणि तो लेप लावला. गार वाटलं. तासाभरात मी माणसासारखा बसू शकलो.

"बघा," ती आत्याला म्हणाली, "माझं औषध."

"बघितलं," आत्या म्हणाली. "आता माझा रंग बघ."

तिने बाळाची पांढरी कुंची मागितली. बाळाची आई द्यायला तयार नव्हती, एकच कुंची होती. गंगाबाईने हातातून ओढून घेतली. आत्याने ती हिरड्याच्या पाण्यात भिजवली, वाळवली, मग बरोबर आणलेल्या तुरटीच्या पाण्यात काढली. मातीच्या मडक्यात कुटलेल्या मुळ्या आणि झऱ्याचं पाणी घालून मंद जाळावर ठेवलं. "उकळी आली की रंग मळका पडतो," एवढंच तिला पक्कं आठवत होतं. त्यामुळं ती चुलीशेजारी बसून एक लाकूड आत सार, एक बाहेर ओढ, असं करत राहिली.

कुंची झऱ्यात धुतली तेव्हा पाणी स्वच्छ होतं आणि कुंची डाळिंबाच्या दाण्यासारखी. बाळाच्या आईने ती ओलीच गालाला लावून बघितली. वाडीतल्या बायका आपापल्या खणाची, पटक्याची फडकी घेऊन धावल्या. ते मडकं दुसऱ्या दिवशीपर्यंत चुलीवरून उतरलं नाही. शेवटच्या पाण्यात फिका गुलाबी रंग उरला, तर एका म्हाताऱ्याने आपलं मुंडासं त्यातही बुडवून घेतलं.

मुळ्या छपरावर सुकवून, पोत्यांत भरून आम्ही उतरलो. माझ्या तोंडावर निघताना गंगाबाईने पुन्हा लावलेला लेप होता. पाटणात मोटारीला थांबलो असताना एका बाईने मला देवऋषी समजून पायावर पोर घातलं. मी काही बोलायच्या आत आत्याने पोराच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, "लय शिकंल."

परत घरी

गाठोड्यातलं कापड बरंच. पटके लांबलचक. आमच्याकडं एवढं मोठं भांडं नव्हतं. विलायती रंगाच्या दिवसांत आमचं काम पत्र्याच्या डब्यांवर भागायचं. शेजारी गुऱ्हाळ चालू होतं, त्यांची काहील एका दिवसापुरती मोकळी मिळाली. लोखंडी, प्रशस्त काहील. आत्याला केवढा आनंद झाला.

डोंगरावर केलं तसंच सगळं केलं. हिरडा, तुरटी, मंद जाळ. गुऱ्हाळावरची माणसं रस प्यायला देत होती आणि गंमत बघत होती. दुपारी आत्याने काठीने पटका वर उचलला.

तो लाल नव्हता. वांग्यासारखा काळपट, थोडा तपकिरी, थोडा जांभळा. तिने दुसरा उचलला, तोही तसाच. सगळेच तसे. तिने काठी खाली ठेवली आणि उसाच्या चिपाडांवर बसली.

"मडक्यात लाल आला," ती हळूच म्हणाली. "मग हितं काय झालं?"

मला काय कळणार? मी पाणी बघितलं, जाळ बघितला. तिने काठी उचलून काहिलीच्या काठावर वाजवली. मग म्हणाली, "लोखंड. दत्तू, आजा लोखंड जवळ येऊ देत नव्हता रं. त्याचं तांब्याचं घंगाळ हुतं. वाटणीत तुझ्या चुलत्याकडं गेलं. त्यात आता आंघुळीचं पाणी तापवत्यात."

मी सायकल काढली आणि चुलत्याच्या घरी गेलो. चुलती आंघोळीच्या तयारीत होती. मी तापलेलं पाणी बादल्यांत ओतून दिलं, माफी मागितली आणि घंगाळ कॅरिअरला बांधून आणलं. उरलेल्या मुळ्यांत पटक्यांना पुरेल एवढा रंग आता नव्हता, आणि रंगलेल्या पटक्यांवर दुसरा रंग चढला नसता. फक्त रुमाल राहिले होते. ते घंगाळात घातले. संध्याकाळी दोरीवर लाल रुमालांची रांग लागली. रस्त्याने जाणारी माणसं थांबून बघत होती. पण आत्या पाठ करून उभी होती, काळपट पटक्यांकडं तोंड करून.

"शुभकार्याला काळं," ती म्हणाली. "कापड वाडीचं. त्वांड कसं दावू त्याला?"

"मी घेऊन जातो," मी म्हणालो. "तू नको येऊस."

"शब्द मी दिलाय," ती म्हणाली. "मीच येणार."

माणात

वडूज मागं टाकलं आणि झाडं संपली. उघडे माळ, दगडांची कुंपणं, मध्येच बाभूळ आणि तिच्या सावलीत बसलेली मेंढरं. दहिवडीपासून पुढं बैलगाडी. धुळाबाच्या घरात पहिल्यांदा हुलग्याचं गरम माडगं दिलं. थोडं तिखट, थोडं गोड, थंडीत घशाखाली उतरताना अगदी सुख. आत्याने वाटी हातात धरली, पण प्यायली नाही.

"धुळाबा," ती म्हणाली, "रुमाल बघ." त्याने रुमाल उलगडला आणि त्याच्या तोंडावर हसू पसरलं. वाडीतली माणसं गोळा झाली. रुमाल हातोहात फिरायला लागले.

"आता पटकं," आत्या म्हणाली आणि गाठोडं सोडलं. "माझ्या हातनं बिघडलं. लोखंडाच्या काहिलीत घातलं मी. लाल म्हनले हुते, त्ये ह्ये आसं झालं. काय बोलायचं त्ये मला बोल."

धुळाबाने एक पटका उचलला, उजेडात धरला, दोन्ही बाजूंनी बघितला. मग त्याने आपल्या खांद्यावरची घोंगडी ओढली आणि पटक्याशेजारी धरली. मेंढीच्या लोकरीची, न रंगवलेली घोंगडी. तोच रंग. तपकिरी काळा, उन्हात किंचित तांबूस.

"आक्का," तो म्हणाला, "ह्यो तर आमच्या मेंढीचा रंग हाय. देवाच्या अंगावरबी हीच घोंगडी असती. ह्याला बिघाड कोण म्हणंल?"

मागून बिरू पुढं आला. उंच, रापलेला, अंगात अजून खाकी सदरा. त्याने पटका डोक्याला गुंडाळला, लाल रुमाल हातात घेतला आणि उभा राहिला. सगळ्यांनी बघितलं. काळपट पटक्याखाली तो लाल असा उठून दिसत होता की दोन्ही लाल असते तर दिसला नसता. हे मी चित्रकलेचा मास्तर म्हणून सांगतो.

आत्याने गार झालेलं माडगं एका दमात पिऊन टाकलं.

जत्रेत दुपारी ढोल सुरू झाले. पांढऱ्या कपड्यांतल्या ओळी समोरासमोर आल्या, मागं सरल्या, गोल झाल्या. भंडारा उधळला की सगळं पिवळं व्हायचं आणि त्यातून लाल रुमाल वर झेपावायचे. बिरू आपल्या जागेवर होता. ओळीतलं ते अंतर भरलं होतं. त्याची आई माझ्या शेजारी उभी होती, ती फक्त त्याचे पाय बघत होती.

मग एकदम बिरूचे खांदे वेगळेच हलायला लागले. रुमाल डोक्यावर, खांदे वरखाली, एक पाय हवेत. शेजारचा चुकला, त्याच्या शेजारचा थांबला. धुळाबा ढोल वाजवत होता, त्याने हात रोखला.

"ह्ये काय रं?"

"दादा, मिसर देशात पंजाबवाले जवान असं नाचायचे," बिरू म्हणाला. "आमी त्यास्नी गजी शिकवली, त्यांनी आमास्नी ह्ये शिकवलं. वाळवंटात लय टाइम असायचा."

दोन म्हातारे पुटपुटले की गजीत असलं चालत नाही. धुळाबाने ढोलावर बोटं नुसती वाजवून बघितली, मान हलवली आणि म्हणाला, "पुन्ना दाव. हळू."

बिरूने हळू दाखवलं. धुळाबाने त्याला ठेका बसवला. आधी पोरांनी खांदे हलवले, मग मोठ्यांनी, आणि शेवटी त्या पुटपुटणाऱ्या दोघांपैकी एक जण असा हलायला लागला की त्याचा पटका सुटून गळ्यात आला. माळावरची सगळी जत्रा हसत होती आणि टाळ्या देत होती.

नाच थांबला. सगळे घामाने निथळत होते. मला पाणी आणायला सांगून आत्या गर्दीतून थेट ओळीपाशी गेली.

"तळवं दावा," ती म्हणाली.

नाचणाऱ्यांनी एकमेकांकडं बघितलं, पण हात पुढं केले. आत्या एकेकाचा हात धरून तळवा उन्हात बघत पुढं जात होती. भंडाऱ्याने पिवळे, ढोलाच्या टिपरीने घट्टे पडलेले, लोकरीच्या कामाने खरखरीत. रुमाल मुठीत धरून एवढा घाम गाळला होता, पण एकाही तळव्यावर लालीचा थेंब उतरला नव्हता. ती कपाळंही बघत गेली, पटक्याखाली बोट घालून. कपाळंही स्वच्छ. ओळीच्या टोकाला बिरू होता. त्याचा हात तिने जरा जास्त वेळ धरला.

बिरूची आई पुढं आली. "आन् तुमचं दावा की," ती म्हणाली आणि तिने आत्याचे हात उलटे केले.

मुळ्या कुटून, कापड पिळून आत्याचे तळवे नखांपर्यंत लाल झाले होते. धुवून धुवूनही गेले नव्हते. त्या अख्ख्या माळावर रंगलेले हात फक्त तिचे होते. बिरूच्या आईने चिमूटभर भंडारा घेतला, आत्याच्या लाल तळव्यांवर लावला आणि ते दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरून ठेवले.